शेवंतीचा उपास

खैरवाडी, ता. सेलू
सोमवार, १० नोव्हेंबर

ती. सुलाआत्यास,
भक्तीचा आदरपूर्वक सलाम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहेत, असं सवयीने लिहिणार होते, पण ते खोटं होईल. आई-बाबा खुशाल आहेत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे आणि तूर फुलावर आहे. खुशाल नाही ती कमलमावशींची शेवंती. ती हरवली आहे, आणि माझ्यामुळे हरवली आहे.

तुझ्या कानाचं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, नाहीतर हे मी तुला शनिवारीच सांगितलं असतं. पण पत्रच बरं. फोनवर मी नुसती रडले असते.

कमलमावशी आपल्या भिंतीला भिंत लागून राहतात, तेव्हा तुला त्या माहीत आहेतच. शेवंती मात्र तू परभणीला गेल्यानंतरची. मावशींचे यजमान वारले त्या वर्षी ती जन्मली. आई मेलेलं करडू त्यांनी बोटाने दूध पाजून जगवलं आणि मग तेच गेले. घरात आता मावशी, त्यांची नात सृष्टी आणि शेळ्या. सृष्टी रविवारी चर्चच्या ओसरीवर माझ्या वर्गाला येऊन बसते. तिच्या मैत्रिणी सगळ्या तिथेच असतात, आणि मावशी म्हणतात, की गोष्टीला काय, कुठली बी चांगली.

मागच्या रविवारी, दोन तारखेला, मी योनाची गोष्ट घेतली. देवाने पाठवलं त्याच्या उलट्या दिशेच्या जहाजात बसलेला तो संदेष्टा, मग तुफान, मग मासा, आणि शेवटी निनवे नगर. योना तिथे ओरडत फिरला, की तुमच्या दुष्टपणामुळे हे नगर पालथं होणार. मग राजा सिंहासनावरून उतरला, गोणपाट नेसून राखेत बसला, आणि त्याने हुकूम काढला, की माणसांनीच नव्हे तर गाईगुरांनी, शेळ्यामेंढ्यांनीही गोणपाट पांघरावं आणि अन्नपाण्याला शिवू नये. हे मी जरा रंगवून सांगितलं. फारच रंगवून सांगितलं. तेवढ्यात वेळ संपली.

आता मला काय ठाऊक, की पोरांच्या पोटात पाप होतं. चंद्रभानकाकांच्या बागेतले पेरू ती रोज पळवत होती. शुक्रवारी काका बांधावरून ओरडले, की थांबा रे, तुमच्या बाईलाच येऊन सांगतो. निनव्यावर संकट आलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर पोरांनी रीतसर पश्चात्ताप सुरू केला. खताची रिकामी पोती फाडून अंगात घातली, चुलीतली राख तोंडाला फासली. मग सृष्टीला आठवलं, की जनावरंही लागतात. मावशी कापूस वेचायला गेलेल्या. सृष्टीने शेळ्या सोडून आणल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पोतं आणि पोटाखालून सुतळी. चारा नाही, पाणी नाही. नाल्याकाठच्या बाभळीखाली शेळ्यांना उपाशी उभं करून पोरं समोर गात बसली.

तेवढ्यात गाणी लावलेला कापसाचा ट्रॅक्टर रस्त्याने आला आणि शेळ्या बिथरल्या. बाकीच्या घराकडे पळाल्या. शेवंतीचं पोतं सरकून डोळ्यांवर आलं. ती आंधळ्यासारखी नाला ओलांडून उसात घुसली. संध्याकाळी पोतं काट्याला अडकलेलं मिळालं. शेवंती नाही. ती गाभण आहे, आत्या, दिवस भरत आलेले.

मी रविवारचा वर्ग बंद केला आहे आणि पाळकसाहेबांना तसं कळवलं आहे. चहात साखर घेत नाही. रात्रीचं जेवण सोडलं आहे. सतरंजीवर झोपते. तरी मनाला जराही स्वस्थता नाही. बाबा म्हणतात, की भक्तीकडे स्वतःचं पाप नसलं तर ती शेजारून उसनं आणते. पण या वेळी पाप माझं स्वतःचं आहे, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

मला शिक्षा सांग. लहानपणी तूच शिकवलंस, आता तूच सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस, ही विनंती.

तुझी,
भक्ती

*

परभणी
बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. भक्तीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. उपाशी आहेस असं कळलं, म्हणून मुद्दाम पोटभर लिहिलं.

तुझं पत्र तुमच्या गावच्या जीपवाल्या बजरंगने खाली उतरून हातात दिलं. शिवाय तोंडी बातमी दिली, की खैरवाडीत शेळ्यांना कपडे शिवायला लागलेत. मी आधी हसले. पोत्यातल्या शेळ्या आणि पुढे राख फासलेलं तुझं विद्यार्थीमंडळ, हे डोळ्यांपुढे आणून मी एवढी हसले, की खालच्या मजल्यावरची बाई पाणी घेऊन वर आली. हसणं संपल्यावर कमलची शेळी आठवली. मग पत्र परत वाचलं.

परत वाचताना एक गोष्ट दिसली. तू काय खात नाहीस, कशावर झोपतेस, चहात काय घालत नाहीस, हे सगळं पत्रात आहे. शेवंती दिसते कशी, ते नाही. कुठे कुठे शोधली, ते नाही. कमल काय म्हणाली, तेही नाही. जिचं गेलं तिच्यापेक्षा तुझ्या उपासालाच जागा जास्त मिळाली.

तुझी ही सवय जुनी आहे. ओढ्याला पाणी असलं की तुला शाळेत पाठवत नसू. मी ओसरीवर घेऊन बसायचे, ते दिवस आठव. एकदा तू हुंदके देत आलीस, की मी डब्यातला गूळ चोरून खाल्ला. मी पाहिलं, तर तो डबा मीच तुला वाढदिवसाला दिलेला, गूळही तुझाच. मी तसं सांगितल्यावर तुझं तोंड एवढंसं झालं. माफी फुकट गेल्याचं दुःख मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शिक्षा सांगायला मी काही निनव्याचा राजा नाही. एक प्रश्न मात्र विचारते आणि त्याचं सरळ उत्तर हवं. गोष्ट तू नेमकी कुठे थांबवलीस? आणि तिथेच का?

पत्र वाचून झालं की जेवायला बस. वहिनीला विचारणार आहे. कळावे, आणि तुला लवकर कळावे.

तुझी आत्या,
सुला

*

खैरवाडी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. आत्यास सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली, मग भूक लागली. जेवले.

शेवंती काळी आहे. कानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. मावशी एका विशिष्ट आवाजात हाक मारतात तेव्हा ती कुठूनही उत्तर देते. दुसऱ्या कुणाच्या हाकेला देत नाही. बाबांनी ऊस पालथा घातला, गावातल्या पोरांनी नाला दोन्ही अंगांनी पाहिला. तिचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून दुसऱ्याच काळ्या शेळीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो आहे. त्यामुळे ती दुसरीच शेळी लोक रोज पकडून आणून देतात. तिच्या मालकाने आता हात जोडले आहेत.

कमलमावशी काय म्हणाल्या, तेही लिहिते. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे माफी मागायला जात होते. गेले की रडू यायचं. मग मावशी हातातलं काम टाकून चहा ठेवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. काल त्या आईला म्हणाल्या, की तुमची पोरगी लय गुणाची हाय, पण तिचं रडणं उतरवू का शेळी हुडकू? आई हसू दाबत घरी आली. मला हसू आलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गोष्ट मी राखेशी थांबवली. राजा राखेत बसला, जनावरं उपाशी हंबरली, आणि मी म्हणाले, की पुढचं पुढच्या रविवारी. वेळ संपली होती, असं मी तुला लिहिलं. पण आत्या, घड्याळात वेळ होती. पुढे देवाला दया आली, नगर वाचलं, एवढंच तर सांगायचं होतं. ते दोन वाक्यांत झालं असतं.

मग का थांबवलं? दोन दिवस विचार केला. राखेचा भाग मला चांगला येतो, म्हणून. तिथे माझा आवाज लागतो. दयेचा भाग आला की वाटतं, एवढ्यात? एवढ्या लवकर? आधी पुरतं झिजायला नको का? मी स्वतःलाच तो भाग कधी नीट सांगितलेला नाही, तर पोरांना काय सांगणार? त्यांना आठवडाभर मी राखेतच बसवून ठेवलं. नगर वाचतं हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून त्यांनी एवढी घाबरून पोती बांधली.

म्हणून माझं ठरलं आहे. मी पुन्हा वर्ग घेणार नाही. जिला अर्धीच गोष्ट येते, तिने शिकवू नये. हे मी रडत लिहिलेलं नाही. शांतपणे लिहिलं आहे, आणि म्हणूनच ते जास्त खरं वाटतं.

आई तुला लोणचं पाठवते आहे. ते तरी गोड मानून घे.

भक्ती

*

परभणी
रविवार, १६ नोव्हेंबर

चि. भक्तीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापटी. दोन्ही पोचल्याचं कळव.

सरळ उत्तर दिलंस. मोठी झालीस. आता माझंही ऐक. चर्चहून येऊन, लोणच्यासोबत भाकरी खाऊन, शांतपणे लिहिते आहे, म्हणून हेही खरं मान.

त्या राजाचा हुकूम पुन्हा काढून वाच. गोणपाट आणि राख हा त्याचा अर्धाच भाग आहे. पुढे तो म्हणतो, की प्रत्येकाने आपल्या वाईट वाटेवरून मागे फिरावं आणि हातांतला जुलूम टाकून द्यावा. आणि देवाने काय पाहिलं, तेही नीट वाच. देवाने पोती पाहिली असं लिहिलेलं नाही. लोक वाटेवरून फिरले, ते त्याने पाहिलं. जुन्या करारातले सगळे संदेष्टे याच एका गोष्टीवर घसा फोडतात. कपडे फाडू नका, काळीज फाडा. माझ्याकडे परत या, म्हणजे मीही तुमच्याकडे परत येतो. पश्चात्ताप म्हणजे परत चालत येणं, पोरी. चालायचं म्हटलं की आधी राखेतून उठावं लागतं.

दवाखान्यात एवढी वर्षं काढली, तिथलं एक सांगते. खाटेभोवती छाती पिटणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले. मीच याला वेळेवर आणलं नाही, माझंच चुकलं, म्हणत ते असे आडवे पडायचे, की सलाइन लावायला आम्हाला वाट नसायची. चुकलेलं असायचं, खोटं नव्हे. पण त्यातला एखादा डोळे पुसून उठायचा आणि विचारायचा, की सिस्टर, बाटली धरू का? त्याचं चुकलेलं तिथून पुढे भरून निघायला लागायचं.

तेव्हा तू बाटली धर. शेवंती फक्त कमलच्या हाकेला उत्तर देते, असं तूच लिहिलंस. मग कमलने जायला हवं, आणि ती जाऊ शकत नाही, कारण बाकीच्या शेळ्या कोण वळणार? तू. तुला शेळ्या वळता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. शेळ्यांनाही एका सकाळीत ठाऊक होईल. तरी जा.

देवाने एका संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं आहे, की टोळांनी खाल्लेली वर्षं मी तुम्हाला भरून देईन. शेवंती मिळेलच, असं मी म्हणत नाही. तो कसं भरून देतो ते त्याचं काम. वाटेवर उभं राहणं आपलं.

वर्ग सोडण्याचं बोलणं शेवंतीचा निकाल लागेपर्यंत बंद. पाळकसाहेबांना मी तसं परस्पर कळवलं आहे. चिडलीस तर चीड.

माया आहेच. ती वाढवायची म्हटलं तर आता ठेवायला जागा नाही.

तुझी,
सुलाआत्या

*

खैरवाडी
गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. आत्यास,
भक्तीचा उभ्या-उभ्या सलाम. वि. वि. बसायला वेळ नाही.

सोमवारपासून मी शेळ्या वळते आहे. मावशी आधी ऐकेनात. म्हणाल्या, की बया, एक हरवली तेवढी पुरं. मी रडले नाही. नुसती दारात काठी घेऊन उभी राहिले. मग त्यांनी माझ्या हातातली काठी पाहिली. ती आपल्या मच्छरदाणीची होती. त्या हसल्या, आपली काठी माझ्या हातात दिली, आणि सेलूच्या गाडीला गेल्या.

आत्या, शेळी हे जनावर मला वाटत होतं तसं नाही. मी त्यांना आधी अहो-जाहो करत होते. बांधावर पोचायच्या आत त्या चंद्रभानकाकांच्या फुलावर आलेल्या तुरीत. काका धावत आले. आधी पोरांनी पेरू खाल्ले, आता बाईंनी तूर चारायला आणली; तुमच्या धर्मात माझ्या रानाबद्दल काही लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी माफीचं मोठं वाक्य सुरू केलं होतं, पण तेवढ्यात मागची एक तरणी शेळी पुन्हा आत शिरली. वाक्य अर्धं टाकून धावावं लागलं. दम लागेपर्यंत त्या हाकलल्या. मग मोडलेल्या झाडांना मातीची भर दिली, बांधाच्या भगदाडात बाभळीच्या फांद्या लावल्या. काका बघत उभे होते. शेवटी तेही फांद्या ओढायला लागले आणि म्हणाले, की पुढच्या वेळी कळपाच्या पुढं चाल, मागं नको. मागून चालणाऱ्याला शेळ्या विचारत नाहीत.

पेरूंचंही त्याच वेळी निघालं. पोरांना मी घेऊन आले. राख, पोती काही नाही. त्यांनी हात जोडून सांगितलं, की पेरू आम्ही खाल्ले. काका म्हणाले, की खाल्लेले तर परत येत न्हाईत, मग आता राहिलेले राखा. शाळा सुटली की पोरं बागेत पोपट हाकलत बसतात. एवढ्या मोठ्याने हाकलतात, की काकांची दुपारची झोप गेली आहे, आणि आता काकाच म्हणतात, की शिक्षा पुरे करू का?

सगळं हसण्यासारखं नाही. मावशी सोमवारी सेलूहून आल्या, बाजार, खाटकाची गल्ली, सगळं पाहून. मंगळवारी चारठाण्याच्या वाटेला गेल्या. बुधवारी आल्या तेव्हा आवाज बसला होता. हाका मारून मारून. दावणीत शेवंतीची जागा त्यांनी झाडून ठेवली होती, तिथे बसून म्हणाल्या, की मालकांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. मला पुन्हा त्यांच्या पायांवर पडावंसं वाटलं. पण मी पाणी तापवलं, मीठ टाकून गुळण्यांना दिलं. त्यांचा आवाज उद्याला लागणार होता.

आज त्या पाथरीच्या रस्त्याने गेल्या आहेत. कुणीतरी सांगितलं, की त्या शनिवारी मेंढ्यांचा मोठा कळप आपल्या रस्त्याने तिकडे गेला. खतासाठी शेताशेतात मेंढ्या बसवत बसवत तो पुढे सरकतो. आता दिवस मावळतो आहे आणि त्या अजून आलेल्या नाहीत.

आत्या, मला भीती वाटते आहे. शेळी मिळाली नाही तर मावशी मला माफ करतील, हे मला माहीत आहे. त्याचीच भीती वाटते. ती माफी मला घेता यायला हवी.

एका पायावर उभी,
तुझी भक्ती

*

खैरवाडी
शनिवार, २२ नोव्हेंबर

सुलाअक्काला कमलबाईचा रामराम.

ल्ह्यायली सृष्टी, बोलायली मी. चुकलं तर तिच्या मास्तरला बोला.

अक्का, शेवंती घावली! तुमच्या पोरीनं कळवायच्या आत मीच कळवते म्हनलं. मेंढ्याच्या कळपात व्हती, पाथरीकडं. भुजंग म्हनून धनगर हाय, लय भला माणूस. त्याला पयल्या रातीच दिसली, म्हनं ही कुणाची पावणी आली. त्यानं एका जीपवाल्यापाशी सांगावा दिला. तो सांगावा कुठं गेला, देव जाणं. आमच्या बजरंगाला इचारलं तर तो म्हनतो मी न्हाई. तो खरं बी बोलत असंल.

मी बांधावर उभी ऱ्हायले न् हाक दिली. आवाज कसला, फुटका डबा. म्हनलं, आता ही काय वळखती? तर कळपाच्या मधून उत्तर आलं. आन् येकटी न्हाई आली. मागं दोन पिल्लं! येक काळं, येक पांढऱ्या कानाचं. भुजंगानं राती जागून इचं बाळतपण केलं. मी म्हनलं, येक पिल्लू ठेव बाबा, तुझा हक्क हाय. तो म्हनला, आईपून तोडायचं वय न्हाई, मोठं झाल्यावर येतो. मंग म्हनलं, ये, जेवायला बी ये.

येताना बजरंगाच्या जीपमंदी मागच्या शिटावर शेवंती बसली न् दोन माणसं टपावर बसली. त्यांनी कुरकुर केली तर बजरंग म्हनला, बाळंतीण हाय, लाज वाटू द्या.

आता खरं काम ल्हिते. तुमची भक्ती शेळ्या आता बरी वळती. पयल्या दिशी शेळ्याच तिला वळायल्या व्हत्या. माझ्या पायाला तेल लावलं, दावण झाडली, येक शबुद रडली न्हाई. शेवंती जीपमधून उतरली तवा मातूर रडली. तेवढं चालतं. मी बी रडले.

पण ती म्हनती, मी पोरांना गोष्ट सांगणार न्हाई, मला अर्धीच येती. आमची सृष्टी रोज इचारायली, त्या गावाचं पुढं काय झालं? जळलं का ऱ्हायलं? राती झोपत न्हाई. (आजी, मी झोपते. फक्त विचारते. – सृष्टी) अक्का, शेळी घावली, आता त्या गावाचा बी निकाल लावा. तुमी सांगितल्याबिगर ती ऐकणार न्हाई. मला बी ऐकायचंय.

तुमच्या हाताखाली शिकली म्हनून येवढी भितरी झाली का, ते बी कळवा. रागावू नका. या येकदा पिल्लं बघायला.

तुमची शेजारीण,
कमलबाई

*

परभणी
सोमवार, २४ नोव्हेंबर

चि. भक्तीस आशीर्वाद. वि. वि.

कमलचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि खालच्या मजल्यावरची बाई पुन्हा पाणी घेऊन आली. या वेळी मी रडत होते. तिने आता माझ्या दाराशी तांब्याच ठेवला आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कमलला तोंडी सांग. भक्ती माझ्या हाताखाली शिकली म्हणून भितरी झाली, हे बरंचसं खरं आहे. मीही तुला राखेचे धडे जास्त दिले आणि दयेच्या धड्याला नेहमी घाई केली. पाठांतर मागायला राखेचा भाग सोयीचा असतो. ती घाई आता तू करू नकोस.

रविवारी वर्ग घे. निम्म्यापासून घे. जिथे थांबवलंस तिथूनच पुढे. मासा वगैरे पुन्हा नको, नाहीतर शेवटाला पुन्हा वेळ उरणार नाही. मी तुला ओळखते.

पिल्लं बघायला नाताळात येते. मला न्यायला बजरंगला पाठव, पण मागच्या शिटावर आधी कोण बसलं होतं ते त्याला झाडून घ्यायला सांग.

तुझ्यावर विसंबून,
सुलाआत्या

*

खैरवाडी
रविवार, ३० नोव्हेंबर

ती. सुलाआत्यास,
भक्तीचा मनापासून सलाम. वि. वि.

आज वर्ग झाला. लगेच लिहिते आहे, उद्यापर्यंत थांबले तर मी काहीतरी चूक शोधून काढेन.

चर्चच्या ओसरीवर पोरं होतीच. पण कमलमावशी शेवंती आणि पिल्लांना घेऊन आल्या. त्यांना घरी ठेवून करमत नाही, म्हणाल्या. चंद्रभानकाका पायरीवर पेरूंची पाटी घेऊन बसले. पोपट हाकलणाऱ्यांना वाटायला आणले होते, पण कुणाला कळू नये म्हणून वर धोतर टाकलेलं. बाबा खांबाला टेकून उभे. एवढी मोठी माणसं पाहून सुरुवात कुठून करायची तेच विसरले. सृष्टीने मदत केली. ती म्हणाली, की ताई, राजा राखेत बसलाय, जनावरं उपाशी हायत.

मी तिथूनच उचललं. लोक वाटेवरून फिरले, ते सांगितलं. देवाने ते पाहिलं, आणि जे करीन म्हणाला होता ते केलं नाही. नगर वाचलं. सगळ्यांत धाकटा टाळ्या वाजवायला लागला आणि मी त्याला थांबवलं नाही. आत्या, आजवर त्या वाक्यापाशी मी घाई करायचे. आज थांबले. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नगर वाचलं, हे मी पुन्हा एकदा म्हणाले. कुणासाठी म्हणाले ते तुला कळेल.

मग योना रुसतो तो भाग. नगर वाचलं म्हणून संदेष्टाच चिडून शहराबाहेर जाऊन बसतो. बाबा हसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, की काही माणसांना दया सोसतच नाही. मी म्हणाले, की हो, असतात तशी. आणि पुढे गेले. सावलीचा वेल एका रात्रीत उगवतो, किडा लागून सुकतो. योना वेलासाठी हळहळतो, आणि देव त्याला विचारतो, की ज्या वेलासाठी तू राबला नाहीस त्याची तुला एवढी माया. मग या मोठ्या नगराची मला माया येऊ नये का? त्यात उजवं-डावं न कळणारी एवढी लेकरं आहेत, आणि पुष्कळ जनावरंही आहेत.

इथे कमलमावशींनी हात वर केला, शाळेत करतात तसा. त्यांनी विचारलं, की जनावरं बी म्हनला? देव सवताच म्हनला? मी म्हणाले, की हो, गोष्टीतले शेवटचे शब्द तेच आहेत. त्या पांढऱ्या कानाच्या पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मग म्हणाल्या, की ज्यांनी पाप न्हाई केलं न् तरी पोतं पांघरलं, त्यांची बी आठवण ठिवली म्हणायची.

मग सृष्टीने विचारलं, की योना काय म्हणाला? मी खरं ते सांगितलं. लिहिलेलं नाही. गोष्ट देवाच्या प्रश्नावरच संपते. पोरांना ते पटेना. मलाही ते कधी पटलेलं नव्हतं. असं उघडं सोडलेलं दार पाहिलं की माझा जीव टांगणीला लागतो, तुला माहीत आहे. पोरांनी आपापली उत्तरं दिली. एक म्हणाला, की तो सॉरी म्हणाला असेल. दुसरी म्हणाली, की तो पुन्हा माशात जाऊन बसला असेल.

कमलमावशी उठल्या. शेवंतीची दोरी सोडत त्या म्हणाल्या, की म्हनंल काय? त्या गावची जनावरं कवापून उपाशी हायती. उठला असंल न् त्यांना पाणी दावायला गेला असंल.

ओसरी हसली. काकांनी पेरूंवरचं धोतर काढलं. मी कोपऱ्यातली बादली उचलली आणि मावशींच्या मागे हौदाकडे गेले.

नाताळात ये. जागा पुष्कळ आहे, सगळ्यांना.

तुझी,
भक्ती